साक्षीदाराची सही

"सही करा, एवढंच म्हणतोय मी. बाकी सगळं लिहून आणलंय."

मीटर रीडरने अर्ज इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. लाँड्रीवाल्याने तो न वाचताच बाजूला सरकवला आणि शर्टाची कॉलर उलटी केली. गेले सात महिने त्याचं हेच चाललं होतं. मीटर रीडरच्या पोरीचा अपघात त्याच्या दुकानासमोर झाला, पाहणारा तो एकटा, आणि विचारायला जावं तर तोंडाला कुलूप.

"उद्या सकाळी कुत्रं पकडायला गाडी येतेय. साक्षीदार नसला तर ते हात लावणार नाहीत."

"नेऊन काय करतील त्याचं?"

"काय करायचं ते करोत. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पाय गेलाय तिचा. ते दारात बसलेलं असताना ती कुबड्या घेऊन बाहेर पडणार कशी?"

तेही खरंच होतं. ते तपकिरी कुत्रं रोज शाळा सुटायच्या वेळेला त्यांच्या फाटकासमोर येऊन बसायचं. दगड मारला तर वीस पावलं मागे जायचं आणि परत यायचं. मीटर रीडरला आता ते समोर नसतानाही भुंकणं ऐकू यायचं. कुठल्या तरी परक्या इमारतीत, जिन्याखाली वाकून मीटरवर बॅटरी मारताना अचानक ऐकू यायचं, आणि वहीत आकडा चुकायचा.

तसा तो कुत्र्यांना भिणाऱ्यातला नव्हे. बावीस वर्षं लोकांच्या फाटकातून आत जायचीच नोकरी, आणि अंगावर एक ओरखडा नाही. ऑफिसात त्याला 'कुत्र्यांचा मास्तर' म्हणायचे. पोरगी एकटी शाळेत जायला लागली तशी त्याने ही सगळी विद्या तिलाही दिली. पाठ फिरवायची नाही. नजर भिडवायची नाही. दप्तर पुढे धरायचं. पळायचं तर नाहीच नाही. मान खाली घालून जागच्या जागी उभं राहायचं आणि मनात पन्नास मोजायचे. रविवारी हॉलमध्ये तालीम व्हायची. हा हातापायांवर रांगत, भुंकत यायचा आणि दारात उभी बायको हसून हसून बेजार. पोरगी आधी खिदळायची. पुढे पुढे जागची हलायची नाही.

आणि ऐन वेळी पळाली. कुत्रं अंगावर आलं आणि ती पळाली ती थेट मागे येणाऱ्या टँकरच्या चाकाखाली. ड्रायव्हरही तेच म्हणाला.

"का पळालीस गं?" दवाखान्यात त्याने एकदाच विचारलं होतं.

"घाबरले बाबा. विसरले सगळं."

पुन्हा त्याने विचारलं नाही. पण राग गेला नव्हता. थोडा पोरीवरही होता, आणि त्याची त्यालाच लाज वाटायची. मग तो सगळाच त्या जनावरावर काढायचा.

"तिला विचारलंत का?" लाँड्रीवाला म्हणाला. "नेऊ का म्हणून?"

"तिला काय विचारायचं? ती तर खिडकी उघडी ठेवा म्हणते. पोरवय आहे, दया येते."

लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. मग स्टूल पुढे ओढलं. "बसा."

"बसायला वेळ नाही. सही तेवढी द्या."

"सही नाही करणार मी. त्या मुक्या जिवाचा बळी माझ्या नावावर नको." त्याने समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. "टँकर मागे येत होता. ड्रायव्हरचं लक्ष फोनात. कुत्र्याने आधी पाहिलं. ते टँकरवर भुंकलं, मग तिच्याकडे धावलं आणि तिचा स्कर्ट धरून ओढायला लागलं. मी इथून ओरडत होतो, बाजूला हो, बाजूला हो. भुंकण्यात ऐकू गेलं नसेल, नाहीतर गेलंही असेल. ती हललीच नाही. मान खाली घालून उभी. नुसते ओठ हलत होते."

मीटर रीडर बसला.

"ती पळाली," तो म्हणाला. "तिने स्वतः सांगितलंय मला."

"दवाखान्यात मी भेटायला आलो होतो. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. तिने माझा हात धरला. म्हणाली, काका, बाबांनी कधी विचारलं तर मी पळाले म्हणून सांगा."