बिनमिठाचा बर्गर

किडनीच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तरी ठुबे सरांचा बर्गर काही सुटेना. केडगावच्या बर्गरवाल्याकडे काउंटरवरच्या रेश्माला त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "बिनमिठाचा मिळेल का गं?"

"मिळतो की, सर. दहाव्याला लई मागनी असते. आवडीचं ठेवल्याबिगर कावळा शिवत न्हाई, अन् गुरुजी म्हनतात त्या पानात मीठ चालत न्हाई. कोन गेलं?"

"अगं, कोणी गेलं नाही. मलाच खायचाय!"

रेश्माने एकदा त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

 

"दरंदले काकाबी दर येळी असंच म्हनायचे. आज सकाळी त्यांचा बर्गर पोरगा घेऊन गेला, डबल चीज टाकून."