एकुलता एक भाडेकरू

दाराशी सुतळीने बांधलेलं मोठं खोकं बघून तिन्ही मालक उंबऱ्यातच थबकले.

"या ना, या," चष्मेवाले काका आतून म्हणाले. "चहा टाकतोच."

सोळा फ्लॅटच्या त्या इमारतीत काका एकटेच भाडेकरू. आधी चष्म्यांचं दुकान चालवायचे, आता नुसतेच असायचे. मालकांची दर रविवारची बैठक त्यांच्याकडेच भरायची, कारण उरलेल्या पंधरा फ्लॅटमध्ये बसायला काही नव्हतं. बैठकीत मालक बाजाराबद्दल बोलायचे, भाडेकरू या जमातीबद्दल बोलायचे, आणि काका साखर किती ते विचारायचे.

आज काका स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांच्या मेव्हण्याने सुरुवात केली. "मार्केट आता तळाला टेकलंय."

"मागच्या महिन्यातही टेकलं होतं," ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर म्हणाले.

"तो तळ नव्हता."

"मग काय होतं?"

"पोटमाळा."

तिसरे मालक, म्हणजे दातांचे डॉक्टर, हसले नाहीत. त्यांची नजर खोक्यावर होती. मंगळवारी बँकेचा माणूस येणार होता. इमारतीत वस्ती आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. वस्ती म्हणजे काका. वस्ती दिसली नाही तर इमारतीसाठी काढलेलं सगळं कर्ज एकदम परत, आणि तारण होता डॉक्टरांचा दवाखाना, वर-खाली होणाऱ्या खुर्चीसकट.

"काका चालले," डॉक्टर कुजबुजले.

"मग विचारा की सरळ," मास्तर म्हणाले.

"खुळे झालात का?" मेव्हणा म्हणाला. "विचारलं की कळलं, आपली फाटलीय. घाबरलेल्या मालकाला भाडेकरू उभा चिरतो. दाजी, चेहरा नीट करा आधी. खोक्याकडे बघू नका."

"मग कुठे बघू?"

"नॉर्मल वागायचं," मास्तर म्हणाले. "मी शिकणाऱ्यांना हेच सांगतो. समोरून ट्रक आला तरी नॉर्मल."

नॉर्मल मालक काय करतो, यावर तिघांनी विचार केला. बराच वेळ कुणाला काही आठवेना.

काका ट्रे घेऊन आले. मेव्हणा ताडकन उठून उभा राहिला.

"काका, पुढच्या महिन्यापासून भाडं दहा टक्क्यांनी वाढवतोय."

काकांनी ट्रे खाली ठेवला. "दहा?"

"बारा," मेव्हणा घाबरून म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे मिटले.

काका पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी ज्याचा त्याचा कप ज्याच्या त्याच्या हातात दिला. "मघापासून बघताय म्हणून सांगतो, त्या खोक्यात पडदे आहेत. लेकीला पाठवायचेत. मला काय, इथून चौघांच्या खांद्यावरच निघायचं असं ठरवलं होतं मी. तिघं तर तुम्ही होतातच. चौथा तेवढा बघायचा होता."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. वाढ नाही, काही नाही, तुम्ही बसा, असं ते म्हणणार होते. पण मास्तरांनी त्यांच्या पावलावर करकचून पाय दाबला. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मारायची सवय.

"दुकान विकून आलेल्या पैशांवर चाललंय माझं," काका म्हणाले. "बारा काही झेपायचे नाहीत. तुमचा राग नाही हो, धंदा आहे तुमचा. पण तुम्ही यातले जाणकार. आता मी कुठे बघू, तेवढं सांगा."

घात झाला तो इथे. गेल्या दोन वर्षांत त्या तिघांना जाणकार असं कुणी म्हटलं नव्हतं. घरच्यांनी तर नाहीच नाही.

"समोरची इमारत," मेव्हणा पटकन म्हणाला. "पाण्याचा त्रास नाही."

"दुसऱ्या मजल्याच्या वर घेऊ नका," मास्तर म्हणाले. "लिफ्टचा भरवसा नाही तिथल्या."

"आणि काका, सध्या दिवस भाडेकरूचे आहेत. ऐकून घ्यायचं नाही कुणाचं. पहिले दोन महिने फुकट मागा."

"तीन," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"डिपॉझिट देऊच नका."

"रंग लावून मागा. रंगही तुमच्या पसंतीचा."

"नळ बदलून मागा, काका. दाजी, नळ राहिले होते!"

मेव्हण्याने कागद मागून घेतला आणि कुठल्या खोलीत ऊन कधी येतं त्याची आकृती काढली. मास्तरांनी ती दुरुस्त केली. चहा निवला. इतकी रंगलेली बैठक त्या घरात कधी झाली नव्हती.

मग काका गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीवर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी होती. चष्मा न लावता त्यांनी तिच्यावरचा नंबर वाचला आणि फोन लावला. मालक त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

पहिली रिंगही पुरी झाली नाही.

"हॅलो, घर बघत होतो," काका म्हणाले. "हो, एकटाच. नाही, कुत्रा नाही. असला तरी चालेल? बरं. मी ना, तुमच्या समोरच आहे. आत्ता? आत्ता गॅलरीत उभा आहे."

समोरच्या दुसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. बनियनवर, अर्ध्या गालाला साबणाचा फेस, एक माणूस धावत बाहेर आला आणि दोन्ही हात वर करून हलवू लागला. पुरात छपरावर चढलेला माणूस हेलिकॉप्टर दिसल्यावर हलवतो, तसे. त्याच्या मागून त्याची बायको आली. तीही हात हलवू लागली.

"तुमच्या ओळखीचे आहेत का हो?" काकांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. तोवर त्यांचेही दोन्ही हात वर गेले होते.