भिंतीपलीकडचा डबा

"तुझा नवरा गेला, आणि हे चिखलात रांगणं माझ्या गळ्यात बांधून गेला," नेस्टा कुरकुरली. नेस्टा माझी ऐंशीच्या घरातली नणंद.

माझ्या नवऱ्यानं, इद्रिसनं, हा डबा दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या पडक्या भिंतीपलीकडे लपवला होता. हा एक खेळ आहे: अनोळखी माणसं फोनवर खुणा बघत येतात, डबा शोधतात, एखादी वस्तू नेतात, आपली एखादी ठेवतात. तो गेल्यापासून देखभाल माझ्याकडे. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून मी जरा जास्तच करते.

भिंत गुडघाभर आहे. दुसऱ्या महायुद्धात कामावरच्या बायका ठिणगीच्या भीतीनं अंगावरचं सगळं धातूचं अलीकडे काढून ठेवायच्या, मगच पाय पलीकडे टाकायच्या. बोटात रुतलेल्या अंगठीवर पांढरी पट्टी गुंडाळायच्या. इद्रिस आणि नेस्टाची आई त्यांतलीच. एका सकाळी स्फोट झाला; पुरायलाही काही मिळालं नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

आजही डब्यातली नाणी, बिल्ले, किल्ल्या अलीकडे ओळीनं मांडलेल्या होत्या. नेहमीसारखंच आम्ही ते सगळं गुपचूप परत भरलं. वर मी इद्रिसची अंगठी ठेवली.

"राहू दे गं तुझ्याजवळ."

"ती समोर असली की घास उतरत नाही, ताई."

मी डबा मांडीवर घेऊन भिंतीवर बसले. चहा झाला, वेल्श केक झाले. मग मन बदललं, अंगठी परत घ्यायला झाकण काढलं.

नाणी नव्हती. ती भिंतीच्या अलीकडे, खाली ओळीनं मांडलेली होती. आत फक्त अंगठी, पांढऱ्या पट्टीत घट्ट गुंडाळलेली. पट्टी दातानं तोडलेली होती. टोक अजून ओलं होतं.

नेस्टानं ती हातात घेतली.

"आईची कारखान्यातली कामाची पाळी अजून सुटलेलीच नाही गं," ती म्हणाली.