उलटा शिक्का

२०१५ सालच्या एप्रिलातली सकाळ. मात्सुमोतोच्या बाजूला चेरी फुलून तीनच दिवस झाले होते. नऊची बस नगरभवनापुढून सुटणार होती, आणि साडेआठ वाजले तरी फुसाएच्या कागदावर नवऱ्याच्या नावाचा, सहीच्या जागी मारायचा शिक्का नव्हता.

बाकी सगळं तयार होतं. सहा महिने ती नगरभवनातल्या वर्गात जाऊन आपली अखेरची वही लिहीत होती. विम्याचे कागद कुठल्या खणात, तसबिरीला निळ्या स्वेटरमधला फोटो, नळ्या लावायच्या नाहीत, धाकट्या नणंदेला सगळं उरकल्यावरच कळवायचं. राहिलं होतं ते शेवटचं पान: अस्थी कुठे ठेवायच्या. तिला देवळामागच्या टेकडीवरचं चेरीचं झाड हवं होतं. झाडाखाली चार जागा. वर्गातल्या ताझुको आणि किकुनो यांनी दोन घेतल्या होत्या, चौथी किकुनोने आपल्या मांजरासाठी मागून ठेवली होती. नावं द्यायचा आज शेवटचा दिवस.

"अहो, एक शिक्का हवाय."

तेइजीने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "खणात आहे ना? मार."

एक्कावन्न वर्षं तीच मारत आली होती. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, घराच्या कागदांवर, त्याच्या निवृत्तीच्या अर्जावरसुद्धा. शिक्क्याची वरची बाजू कुठली याची खूण त्यावर नव्हती, पण तिच्या बोटांना ती पाठ होती.

"हा तुम्ही मारायचा," ती म्हणाली.

तेइजीने चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे तू आमच्या घराण्याच्या दगडाखाली येणार नाहीस."

"तुमच्याबरोबर यायला माझी ना नाही. पण आईंच्या शेजारी नको. एकतीस वर्षं त्यांना माझं मिसो सूप खारट लागलं."

"अगं, आईला जाऊन वीस वर्षं झाली."

"तेच म्हणते. किती भूक लागली असेल त्यांना!"

तेइजीला हसू आलं की ठसका, ते कळलं नाही. तेवढ्यात फाटकातून किकुनोचा आवाज आला, "फुसाए! चल की गं! बस काय तुझ्या नवऱ्याची चुलती आहे, थांबून राहायला?"

"आले, आले!" फुसाएने एका पायात बूटही घातला.

"ओबोनला पितर येतात, तेव्हा आई घरी येईल," तेइजी म्हणाला. "सून कुठे आहे विचारलं, तर काय सांगू?"

"सांगा, मैत्रिणींबरोबर फुलं बघायला गेलीय."

तो उठला. त्याने एक खण उघडला.

"तो नव्हे. खालचा."

त्याने शिक्का काढला, लाल शाईत दाबला, त्यावर 'हाः' करून श्वास सोडला आणि दोन्ही हातांनी, खिळा ठोकावा तसा, कागदावर टेकवला. मग पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

फुसाए धावत सुटली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कागद छातीशी धरून, ओली शाई पुसली जाऊ नये म्हणून कोपरं बाहेर काढून. बसमध्ये टाळ्या पडल्या. ताझुकोने तांदळाचे गोळे काढले. किकुनोने कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तीस वर्षं कचेरीत काढलेली बाई.

"हा उलटा आहे गं."

"म्हणजे?"

"आमच्याकडे साहेबांना तोंडावर नाही म्हणता आलं नाही की असा मारायचे. मान्य, पण मनातून नाही."

"मग उतर आणि विचारून ये," ताझुको म्हणाली.

पण बस सुटली होती. दोन्ही बाजूंना फुलंच फुलं. देवळातल्या कारकुनाने कागद घेतला, उलटसुलट त्याला काही दिसलं नाही. फुसाएने मात्र घरी आल्यावर विचारलं नाही, आणि तेइजीने सांगितलं नाही.

ताझुको २०१७ च्या शरदात झाडाखाली गेली, डावीकडच्या जागेत. किकुनो आता वृद्धाश्रमात असते. मांजर एकोणीस वर्षांचं आहे आणि तिच्याच उशाशी झोपतं. फुसाए अजून दर एप्रिलला टेकडीवर तांदळाचे गोळे घेऊन जाते.

तेइजी २०१९ च्या थंडीत गेला. खालच्या खणात, शिक्क्याच्या डबीखाली, मुलीला एक वही सापडली. मंगळवारी सोंगट्यांचा डाव टाकायला जातो म्हणून सांगायचा, तेव्हा तो नगरभवनातल्या पुरुषांच्या वर्गाला जात होता. वही जवळजवळ कोरी होती. शेवटच्या पानावर तेवढ्या दोन ओळी होत्या: 'अर्धा आईजवळ, अर्धा झाडाखाली. मांजराची परवानगी काढावी.'

खाली शिक्का होता. दोन्ही हातांनी दाबून मारलेला, आणि उलटा.