दहावी मेणबत्ती

"काका, अजून किती वह्या काढू?" चर्चच्या ऑफिसातल्या मार्थाने विचारलं. इनासकाकांनी चष्मा पुसून आणखी एक मागितली. सरमेंतो आडनावाचं वसईत आता एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात ते एकटे. बाकीची माणसं गेली कुठे, हे शोधता शोधता गुडघे पार झिजले. हे चौथं चर्च.

बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र एकाच घरची नऊ सरमेंतो भावंडं सापडली. त्यातलं शेंडेफळ म्हणजे काकांचे आजोबा. काकांना हायसं वाटलं. "म्हणजे बाकीच्या आठांची पोरंबाळं नांदत असतील की कुठेतरी!"

मार्थाने मयतांची वही पुढे सरकवली. प्लेगचं साल, एकच पान, आणि त्यावर आठही नावं. आजोबांचं तेवढं नव्हतं.

काकांनी एकेका नावावर बोट ठेवत आठही नावं पुन्हा मोजली.

"मृतांच्या दिवशी आई आजोबांच्या कबरीवर नऊ मेणबत्त्या लावायची," ते म्हणाले. "का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. सासूची रीत म्हणून लावायची. ती गेली, मला वाकवेना, तशी मी नऊची एक केली."

मृतांचा दिवस उद्यावर आला होता. मार्थाने कपाटातून नऊ मेणबत्त्या काढून दिल्या. काकांनी आणखी एक मागून घेतली आणि ती परत तिच्याच हातात ठेवली.

"ही इथेच राहू दे, बाय. माझ्या मागे लावायला कुणी नाही."