डावीकडची सीट

एअरबॅगचा लाल दिवा काही विझेना, म्हणून वणीला माहेरी निघालेल्या उज्वलानंच नवऱ्याला दिंडोरी रोडवरच्या गॅरेजात गाडी घ्यायला लावली. मेकॅनिकनं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला, स्क्रीनवरचा कोड वाचला आणि म्हणाला, "शेठ, डाव्या बाजूच्या एअरबॅगची वायर तुटलीय. गाडी ठोकली, तर ती उघडणार नाही. उद्या पार्ट मागवून बसवून देतो."

"आणि माझ्या बाजूची?" रविराजनं विचारलं.

"ती एकदम ओके हाय."

"मग राहू द्या की. तिकडं कोण बसतंय? हीच तर असते."

मेकॅनिक खाली मान घालून स्कॅनरची वायर गुंडाळू लागला. उज्वला सवयीनं हसली, पण ते हसू अर्ध्यातच अडकलं. तिनं गाडीतून आपली पिशवी काढून घेतली. "तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येते."

"आता काय झालं? गमतीनं बोललो मी," तो म्हणाला, पण ती थांब्याकडं चालू लागली होती.

बस दिंडोरीच्या पुढं गेली, तेव्हा त्यांची गाडी हॉर्न वाजवत शेजारून निघाली. उज्वलानं खिडकीतून वाकून पाहिलं. तिच्या जागेवर भाच्यांसाठी वाटेत थांबून घेतलेली द्राक्षांची पेटी होती. ब्रेक लागला तर ती पुढं आपटू नये, म्हणून रविराजनं तिला नीट सीटबेल्ट बांधला होता.