लाल घोंगडी

एल्सीने तारेवर लाल घोंगडी टाकली, दोन चिमटे लावले आणि तळ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. तळ्यावर एकही सुरकुती नव्हती.

तळ्याच्या खालच्या टोकाला एक शर्यतीची बोट सहा आठवडे अडून बसली होती. पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम मोडायचा तर अख्खं तळं निवांत हवं, आणि वळणापलीकडचं वरचं पाणी बोटवाल्यांना खालून दिसत नसे. ते दिसायचं टेकाडावरच्या एल्सीच्या घरातून. म्हणून ठरलेलं होतं : पहाटे पाणी शांत असलं तर कपड्यांच्या तारेवर, खालून दुर्बिणीने दिसेल अशी, पांढरी चादर, लाटा असल्या तर लाल घोंगडी. त्या वेळी आई गोठ्यात धारेला बसलेली असे, तेव्हा हे काम नऊ वर्षांच्या एल्सीकडे आलं.

शेजारचं घर तीन मैलांवर. पोस्टमन सोडला तर इकडे कोण कशाला मरायला फिरकतोय! पण आता बोटीचा मेकॅनिक विल्फ रोज न्याहारीला यायचा. "काय सरकार, आज काय हुकूम?" असं तिलाच विचारायचा, आणि चहा संपला की काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा पट मांडायचा. विक्रम झाला की ही माणसं गाशा गुंडाळणार, हे एल्सीला कोणी सांगायची गरज नव्हती. लाल घोंगडीचा आज चौथा दिवस. पहिल्या दोन दिवसांची खरी होती.

आज न्याहारीच्या कितीतरी आधी, उजाडतानाच फटफटीचा आवाज आला. विल्फने कुंपणाशी उभं राहून आधी पाणी पाहिलं, मग घोंगडी पाहिली. रागावला नाही. आत आला आणि चहाला हात न लावता पट मांडला. एल्सी एकेका चालीला जितका वेळ काढता येईल तितका काढत होती.

"एल्सी," पटावरची नजर न काढता तो म्हणाला, "तुझ्या त्या तारेवर भरवसा ठेवून तिकडे एक माणूस जिवाची बाजी लावतो. लाल खोटी टांगणाऱ्या हाताची पांढरी तरी खरी कशी मानायची, सांग बरं?"

एल्सीला रडू फुटलं. "मग तुम्ही जाल ना, विल्फकाका?"

"जाणार गं बाई. जावंच लागणार."

ती नाक पुसत उठली. विल्फही उठला. टोपी घालता घालता त्याने पटाकडे बोट केलं. "हा मोडू नकोस हं. चाल माझी आहे."

चादर लावायला तो थांबला नाही. ती तिची तिनेच लावली.

मग तळ्याच्या पोटातून गुरगुर उठली आणि बोट वळणावरून आली. एल्सीने श्वास घेतला तेवढ्यात ती समोरून निघूनही गेली. नुसती जाऊन भागत नाही, परतीची फेरीही तितक्याच वेगाने व्हावी लागते, ती झाली. सहा आठवड्यांची वाट आणि एवढासा खेळ. खाली विक्रमाच्या आनंदात चर्चच्या घंटा वाजायला लागल्या तेव्हा कुठे बोटीच्या लाटा वरच्या काठाला पोचल्या. थोडा वेळ दगडांवर आपटल्या आणि थांबल्या.

संध्याकाळी पलीकडच्या रस्त्याने ताडपत्री बांधलेली लांबलचक गाडी गेली. तिच्यामागे चार मोटारी, शेवटी एक फटफटी. टेकाडाकडे कोणी वळलं नाही. विल्फला सवड झाली नसेल, असं आई म्हणाली. एल्सी दिवा लागेपर्यंत कुंपणाशी उभी होती. आयुष्यात पुढे तिला बरंच एकटं राहावं लागलं, पण त्या संध्याकाळइतकं एकटं तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

जेवायची वेळ झाली तशी आईने टेबल पुसायला घेतलं. "आवर गं तो पट."

"नको," एल्सी म्हणाली. "डाव चालू आहे."

आईने तो पट उचलून अलगद खिडकीत ठेवला. एल्सीने आता सत्तरी ओलांडली आहे. विक्रम केव्हाच मोडला, पुन्हा पुन्हा मोडला. खिडकीतली धूळ पुसताना ती एकेक सोंगटी उचलते आणि पुसून परत त्याच घरात ठेवते. चाल विल्फकाकांची आहे.